अक्षराची वाट

गेल्या दिवाळीच्या सुटींत एका सायंकाळीं घरांतील सर्वांनीं मिळून एखादें जुनें मराठी नाटक पाहावें असा बेत ठरला. नाटकासाठीं हल्लीं नाट्यगृहापर्यंत जावें लागत नाहीं. दिवाणखान्यांतल्या टेलिव्हिजनला काय हवें तें लिहून कळविलें म्हणजे तो शोधून काढतो. लिहून कळविण्याचें काम, कुटुंबांतील प्राध्यापक म्हणून, आमच्याकडे आलें व आम्हीं रिमोट हातीं घेतला. पडद्यावर रोमन अक्षरें सहा-सहांच्या ओळींत मांडलेलीं होतीं. रिमोटवर चार दिशांचे चार बाण आणि मधोमध पसंतीची एक कळ. आम्हांस प्रथम 'मराठी' एवढाच शब्द लिहावयाचा होता. 'ए' या पहिल्या अक्षरावरून 'एम्'कडे जाण्यास २ पावलें, तेथून 'ए'कडे परतण्यास २. मग 'आर्'पर्यंत ७ आणि पुन्हां 'ए'कडे ७. 'टी'ला ४, 'एच्'ला २, 'आय्'ला १. एकूण २५ पावलें चाललों आणि ७ वेळां पसंती दिली. सात अक्षरांच्या शब्दासाठीं ३२ वेळां कळ दाबावी लागली. मध्यें दोनदां वाट चुकलों तें या हिशेबांत धरलेलें नाहीं. शब्द पुरा झाला तेव्हां मंडळी चहा करण्यास उठून गेलेली होती.

एवढ्याशा गोष्टीवर मासिकाचीं पानें कां खर्चावीं, असें कोणी विचारील. एरव्हीं आम्हांलाही तो प्रसंग विनोदापलीकडचा वाटला नसता. परंतु कळ दाबतां दाबतां आम्हांस आमच्या एका दिवंगत वृद्ध स्नेह्यांची आठवण झाली. आयुष्याचे शेवटचे आठ महिने त्यांची सारी वाणी अशाच चार दिशांवर चालत होती. त्यांची हकीकत पुढें येईलच. जो मनुष्य हातानें लिहूं शकत नाहीं आणि तोंडानें बोलूं शकत नाहीं, ज्याच्या अंगीं वर, खालीं, डावें, उजवें एवढेंच दाखविण्याची शक्ति उरली आहे, त्याच्यासाठीं अक्षरापर्यंतची वाट जवळची कशी करावी, हा प्रश्न दिसण्यांत कारागिराचा आहे. आमच्या मतें तो नीतीचाही आहे. कारण वाट जवळची करणारा जो कोणी असेल, त्याला या मनुष्याच्या मनांत पुढें काय येणार आहे याचा अंदाज आधीं बांधावा लागतो. आणि दुसऱ्याच्या मनांतलें आपण आधींच ओळखलें असें मानण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, हें ठरविणें सोपें नाहीं.

आरंभ मांडणीपासून करूं. रोमन अक्षरांचा क्रम फार प्राचीन आहे, पण त्यांत उच्चाराचें तत्त्व शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. 'ए' या स्वराच्या शेजारीं ओठांनीं उच्चारावयाचा 'बी' कां, याचें उत्तर परंपरा एवढेंच. आपल्या वर्णमालेची गोष्ट निराळी. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचीं २५ व्यंजनें पांच ओळी व पांच रकाने यांत नेमकीं बसतात. खालीं उतरावें तसा उच्चार कंठाकडून ओठांकडे येतो; उजवीकडे सरकावें तसा तो कठोराकडून मृदूकडे व अखेर अनुनासिकाकडे जातो. म्हणजे प्रत्येक अक्षराचा पत्ता दोन दिशांनीं सांगतां येतो, आणि तो पत्ता लहानपणीं वर्णमाला घोकलेल्या कोणासही न पाहतां ठाऊक असतो. ज्यांनीं ही मांडणी केली त्यांच्यापुढें ना पडदा होता, ना रिमोट. त्यांनीं केवळ स्वतःच्या मुखाकडे लक्ष दिलें होतें. जपानी अक्षरांच्या तक्त्याच्या क्रमावर संस्कृत वर्णमालेचा संस्कार झालेला आहे, असें विद्वान् मानतात. आजचा जपानी तरुण मोबाईलवर लिहितांना व्यंजनाच्या कळेवर अंगठा ठेवतो, आणि तो डावीकडे, वर, उजवीकडे किंवा खालीं झटकून इ, उ, ए, ओ यांपैकीं हवा तो स्वर त्या व्यंजनास जोडतो. अंगठा न सरकवतां उचलला तर 'अ'. बाराखडीच ती, दिशांनीं म्हटलेली! आणि आमच्या घरीं मात्र मराठी नाटकाचें नांव रोमन अक्षरांच्या गल्लीबोळांतून हिंडत लिहावें लागतें.

मांडणी सुधारल्यानें वाट कांहींशी जवळ येते. ती आणखी जवळ आणावयाची तर बोलणाऱ्याच्या संवयींचा अभ्यास करावा लागतो. जें अक्षर वारंवार लागतें तें हाताशीं ठेवावें, जें क्वचित् लागतें तें दूर ठेवावें. गृहिणी मिठाची बरणी ओट्यावर आणि केशराची डबी वरच्या फळीवर ठेवते, तसें. लाघव हा गुण आपल्याकडे फार पूर्वींपासून मानलेला आहे. सूत्रांत अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माइतका आनंद होतो, असें त्यांच्याविषयीं म्हटलें जातें. तें कौतुकानें कीं थट्टेनें, हें आम्ही येथें ठरवीत नाहीं. पण लाघवाच्या भरांत केशराची डबी फळीवरून थेट घराबाहेर गेली तर काय होतें, याचें एक उदाहरण तारयंत्राच्या इतिहासांत सांपडतें.

१८३७ सालीं इंग्लंडांत विल्यम कुक व चार्ल्स व्हीटस्टन यांनीं विजेच्या तारयंत्राचें पेटंट घेतलें. त्या यंत्रांत पांच सुया एका ओळींत असून त्यांच्या वर-खालीं शंकरपाळ्याच्या आकाराच्या जाळींत अक्षरें मांडलेलीं असत. एक सुई डावीकडे व दुसरी उजवीकडे कलली कीं दोघींच्या दिशा जेथें मिळतील तें अक्षर वाचावें. कसलीही सांकेतिक लिपि शिकावयास नको. दिशांनीं लिहिण्याची ही युक्ति खरोखर सुंदर होती. परंतु त्या जाळींत २० च अक्षरें मावत, म्हणून सी, जे, क्यू, यू, एक्स आणि झेड हीं सहा अक्षरें वगळण्यांत आलीं. पुढें दोन सुयांचें यंत्र आलें, तरी 'क्यू'ची उणीव राहिली. १ जानेवारी १८४५ रोजीं स्लाऊ गांवाजवळ एका स्त्रीचा खून झाला व संशयित इसम आगगाडींत बसून लंडनकडे निघाला. त्याचा पोषाख क्वेकर पंथाच्या लोकांसारखा होता. स्लाऊहून पॅडिंग्टन स्थानकास तार गेली. तींत 'क्वेकर' हा शब्द, 'क्यू' नसल्यामुळें, 'के, डब्ल्यू' असा आरंभ करून लिहावा लागला. असा आरंभ असलेला इंग्रजी शब्द पॅडिंग्टनच्या तारवाल्यानें कधीं पाहिलेला नव्हता. तो दरवेळीं मध्येंच थांबवून पुन्हां सांगण्यास फर्मावूं लागला. शेवटीं तेथल्या एका पोरानें, 'त्याला शब्द पुरा तर करूं द्या,' असें सुचविलें, अशी कथा सांगतात. शब्द पुरा झाला, खुनी ओळखला गेला आणि त्याच वर्षीं फांशीं गेला.

आम्हांस या कथेंत यंत्राच्या दोषापेक्षां तारवाल्याचा दोष अधिक महत्त्वाचा वाटतो. यंत्रानें एक दार बंद केलें होतें, तें पाठविणाऱ्यानें वळसा घालून ओलांडलें. परंतु ऐकणाऱ्याच्या मनांत जीं दारें ठराविक असतात, त्यांतून न येणाऱ्या शब्दास तो शब्दच मानीत नाहीं. त्यास वळसा तरी कोठून घालावा?

विसाव्या शतकांत या विषयाचें गणित झालें. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानें १९५१ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मागचा मजकूर पुरेसा वाचलेला असेल, तर पुढचें इंग्रजी अक्षर कोणतें हें ठरविण्यास सरासरीनें सुमारें एक 'होय कीं नाहीं' एवढाच निर्णय पुरतो, असें त्यानें दाखविलें. २६ अक्षरें व शब्दांमधली मोकळी जागा यांतून एक अंधारांत निवडावयाचें तर असे जवळजवळ पांच निर्णय लागले असते. म्हणजे आपण जें लिहितों त्याचा बराच मोठा भाग वाचणाऱ्यास आधींच अपेक्षित असतो. व्याख्यात्याच्या धंद्यांत तीस वर्षें घालविलेल्या माणसास हें वाचून थोडें ओशाळें व्हावें लागतें. पण विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवरून तें आम्हांस पूर्वींच कळावयास हवें होतें.

या सिद्धांताचा सुंदर उपयोग केंब्रिज येथील पदार्थविज्ञानवेत्ते डेव्हिड मॅके व त्यांचे विद्यार्थी डेव्हिड वॉर्ड यांनीं केला. त्यांनीं तयार केलेल्या 'डॅशर' नांवाच्या संगणकीय साधनांत कळफलक नाहीं. पडद्याच्या उजव्या कडेस सर्व अक्षरें आपापल्या चौकटींत वरपासून खालपर्यंत रचलेलीं असतात. ज्या चौकटीकडे रोख धरावा ती मोठी होत जवळ येते, आपण तिच्यांत शिरतों, आणि तिच्या पोटांत पुन्हां सगळीं अक्षरें दिसूं लागतात. मॅके यांनीं स्वतः याला ग्रंथालयाची उपमा दिली होती: जगांत लिहितां येतील तेवढीं सारीं पुस्तकें वर्णानुक्रमानें एका अफाट फळीवर लावलेलीं आहेत, आणि लेखकानें फक्त आपल्या पुस्तकाकडे चालत जावयाचें आहे. येथें लिहिणें म्हणजे सुकाणूं धरणें. जें अक्षर पुढें येण्याचा संभव अधिक, त्याची चौकट मोठी. संभव कमी, तर चौकट लहान. बोट न उचलतां, नुसत्या दृष्टीच्या रोखानेंही तें चालवितां येतें. २००२ सालीं 'नेचर'मध्यें या दोघांनीं जें प्रसिद्ध केलें त्याप्रमाणें, अशा रीतीनें सरावानंतर मिनिटास २५ पर्यंत शब्द लिहितां येतात. हें साधन त्यांनीं विनामूल्य देऊन टाकलें, हेंही सांगितलें पाहिजे.

यांतील एक बारीकशी योजना आमच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची आहे. डॅशरमध्यें कोणत्याही अक्षराची चौकट कधींच शून्य होत नाहीं. कितीही असंभाव्य अक्षर असो, त्याला चिमुकली कां होईना, जागा राखून ठेवलेली असते. आणि लेखक जसजसा स्वतःचे शब्द लिहीत जातो तसतसें साधन ते शिकून घेऊन त्यांच्या चौकटी वाढवितें. केशराची डबी फळीवर राहते, आणि जो रोज केशर वापरतो त्याच्यापुरती ती ओट्यावर येते.

तरी एक शंका उरतेच. यंत्रास संभव शिकविला जातो तो कोणाच्या लिहिण्यावरून? वर्तमानपत्रें आणि छापील पुस्तकें यांवरून शिकविला, तर पुण्यामुंबईच्या शिष्ट मराठीचीं दारें रुंद होतील व मालवणकडच्या माणसास स्वतःच्या आईची भाषा लिहितांना प्रत्येक शब्दास चिंचोळ्या बोळांतून जावें लागेल. दहा-वीस वेळां तसा गेल्यावर तो कंटाळून रुंद रस्त्यानें जाऊं लागेल. कोणीही त्याला मनाई केलेली नसेल. आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर पुढचा शब्द सुचविला जातो, आणि त्यांच्या पत्रांत 'मनःपूर्वक' या शब्दामागून 'शुभेच्छा' न चुकतां येतात, तेव्हां त्या शुभेच्छांत त्यांचें मन कितपत पूर्वक होतें असा प्रश्न पडतो. पण त्यांना दोष देण्यापूर्वीं आम्ही स्वतःच्या जुन्या शोकसभांतील भाषणांची आठवण करतों आणि गप्प बसतों. ठराविक शब्द सुचविण्यास मनुष्यास यंत्राची गरज कधींच नव्हती.

शॅननच्या सिद्धांताची दुसरी बाजू अशी कीं, जें सहज ओळखतां येतें त्यांत सांगण्यासारखें थोडें असतें. सोयीचा लाभ बहुतांशीं अशाच शब्दांस मिळतो, जे न उच्चारले तरी ऐकणाऱ्यास समजले असते. आणि जो शब्द उच्चारल्यावांचून कोणास कधींच कळला नसता, त्याला लांबची वाट चालावी लागते. हा कोणाचा अन्याय नव्हे, गणितच तसें आहे. उलट असेंही म्हणतां येईल कीं नेहमींचे शब्द स्वस्त झाल्यामुळें जी शक्ति वांचते ती दुर्मिळ शब्दासाठीं उरते. हें आम्हांस मान्य आहे. स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ सालच्या शस्त्रक्रियेनंतर गेली; पुढें तर गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर त्यांचें सारें लिहिणें येऊन ठेपलें. पडद्यावर खूण आपोआप पुढें सरकत राही, आणि तिला 'थांब' एवढेंच सांगणें त्यांच्या हातीं, किंबहुना गालीं, असे. त्या मनुष्यास पुढचा शब्द सुचविणाऱ्या यंत्राविरुद्ध तत्त्वज्ञान सांगणें निर्दयपणाचें होईल. मात्र सुचविलेल्या शब्दास 'नाहीं' म्हणण्याची मुभा असणें आणि तसें म्हणण्यास लागणारा वेळ ऐकणाऱ्यानें देणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली यंत्र करणाऱ्याच्या हातीं आहे. दुसरी घरच्या माणसांच्या.

हें ज्यांनीं स्वतः भोगलें त्यांत ज्यां-दोमिनिक बोबी यांचें नांव पुष्कळांस ठाऊक असेल. फ्रान्समधील 'एल' या नियतकालिकाचे ते संपादक. ८ डिसेंबर १९९५ रोजीं मेंदूस तीव्र आघात होऊन त्यांचें सर्व शरीर निश्चेष्ट झालें. डावी पापणी तेवढी हलत राहिली. फ्रेंच भाषेंत जीं अक्षरें अधिक वेळां येतात त्यांच्या क्रमानें, म्हणजे ई, एस्, ए, आर् अशीं, कोणी तरी तीं म्हणून दाखवावीं आणि हवें तें अक्षर आलें कीं त्यांनीं पापणी मिटावी, अशा रीतीनें त्यांनीं एक संबंध पुस्तक सांगितलें. मार्च १९९७ मध्यें तें प्रसिद्ध झालें व अवघ्या कांहीं दिवसांत ते वारले. त्या पुस्तकांत भेटीस येणाऱ्यांचे स्वभाव त्यांनीं मोठ्या मार्मिकपणें टिपले आहेत. कांहीं जण उतावळे. दोन अक्षरें आलीं कीं शब्द पुरा करून मोकळे होत. एकदां त्यांना चष्मा हवा होता. चष्म्यास फ्रेंचमध्यें 'ल्यूनेत' म्हणतात आणि चंद्रास 'ल्यून'. शब्द अर्ध्यावर आला असतांच त्यांना विचारण्यांत आलें, चंद्र घेऊन काय करणार?

हें वाचून आम्हांस हसूं आलें नाहीं. कारण आमच्याकडून याहून वाईट घडलें आहे.

वर ज्यांचा उल्लेख केला ते आमचे स्नेही संस्कृताचे अध्यापक होते. वयानें आमच्याहून बरेच वडील. सुमारें बारा वर्षांपूर्वीं पक्षाघातानें त्यांचें अंग व वाचा दोन्ही गेलीं. बुद्धि मात्र पूर्वींइतकीच तीक्ष्ण राहिली, आणि डोळे चारही बाजूंस फिरत. आम्हां तिघां-चौघां मित्रांनीं एका पुठ्ठ्यावर पांच ओळींत वर्गाक्षरें लिहिलीं व खालीं 'य'पासून 'ळ'पर्यंतचीं. कोणी तरी 'क'वर बोट ठेवावें. त्यांनीं डोळ्यांनीं दिशा दाखवावी. बोट त्या दिशेनें एकेक घर सरकावें. हवें तें अक्षर आलें कीं त्यांनीं पापण्या मिटाव्या. त्यांचे श्रम वांचावे म्हणून काना, मात्रा, वेलांट्या आम्हीं वगळल्या. लाघव! आपण कांहीं तरी फार चांगलें केलें असें आम्हांस तेव्हां वाटलें होतें, आणि तें सर्वस्वीं खोटेंही नव्हतें. पहिल्या आठवड्यांतच त्यांनीं आपल्या औषधाची चूक दाखवून दिली होती.

वैशाखांतल्या एका दुपारीं त्यांनीं प्रथम 'प' दाखविला, मग 'ण'. 'पण', 'पुणें', 'पाणी' असे तीन शब्द त्यांतून होऊं शकत. परंतु उन्हाळ्यांतल्या दुपारीं अंथरुणास खिळलेला मनुष्य काय मागणार? आम्हीं पुठ्ठा बाजूस ठेवला आणि चमच्यानें त्यांना पाणी पाजलें. त्यांनीं डोळे मिटून घेतले. आम्हीं तें समाधान समजलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां 'प', 'ण', आणि पुन्हां पाणी; या वेळीं त्यांच्या पत्नीनें वाळा घातलेलें दिलें. तिसऱ्या दिवशीं पुठ्ठा त्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईंच्या हातीं होता. त्या चार इयत्ता शिकलेल्या. संस्कृताचा गंध नाहीं, आणि आजोबांच्या मनांत काय असेल हें ओळखण्याची हौसही नाहीं. डोळे नेतील तिकडे त्यांनीं बोट नेलें. 'प', 'ण', आणि मग एक घर खालीं. तीं तीन अक्षरें कागदावर उतरवून त्या बाहेर आल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "सर, आजोबा 'पणन' म्हणतायत. बाजाराचं काही काम राहिलं होतं का त्यांचं?"

'ण'च्या नेमका खालीं 'न' आहे. तें एक घर आम्हीं त्यांना दोन दिवस जाऊं दिलें नव्हतें.

त्यांना पाणिनि हवा होता. समासांत पन्नास वर्षांचीं टिपणें लिहिलेली अष्टाध्यायीची त्यांची प्रत दुसऱ्या गांवीं अध्यापन करणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे पाठवावयाची होती, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत बांधली जावी अशी त्यांची इच्छा होती. ती त्याच संध्याकाळीं बांधली. गांठ मारतांना त्यांचे डोळे त्या पुडक्यावरून हलले नाहींत. आमच्याकडे त्यांनीं पाहिलें नाहीं, आणि त्याबद्दल आम्हांस त्यांचा राग येण्याचें कारण नव्हतें. ज्याचे शब्द जन्मभर आम्हीं टिपून घेतले, त्याचा शब्द आम्हीं दोनदां मध्येंच तोडला. तोही प्रेमानें, आणि तहान भागविल्याच्या समाधानांत.

त्यानंतर आम्ही सारे फार सावध झालों. 'प'मागून 'ण' आला कीं कोणी हूं कीं चूं करीत नसे. 'ण'वर बोट ठेवून आम्ही त्यांच्या डोळ्यांकडे पाहत बसूं. शब्द संपल्याची एखादी खूण ठरवावी, हें आम्हां शहाण्यांपैकीं कोणासही सुचलें नव्हतें. एके दुपारीं असेच बसलों असतां ते बराच वेळ आमच्याकडे रागानें पाहत राहिले. आम्ही बोट हलवीना, ते डोळे हलवीनात. शेवटीं त्यांच्या पत्नी आंतून आल्या, पुठ्ठ्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "अहो, ऊन किती आहे! त्यांना पाणी द्या."